दहावा तुकडा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
पण तिथे पायऱ्या नव्हत्याच, लिफ्ट होती,
आमच्या तळ्यापासून चाळीस मैलांवर, लुइस्टनमध्ये,
आणि तिसऱ्या मजल्यावर कॉफी फुकट.
म्हणजे, तेव्हा मला फुकट वाटली.

मिस्टर व्हिटकॉम,
पहिल्या दिवशी तुम्ही माझा हात दोन्ही हातांत धरलात.
म्हणालात, ओडेट, चार फूट जमीन म्हणजे चार फूट जमीन.
लूसियन खाली गाडीत बसला होता,
तेव्हाच त्याला दम लागायचा.
मी येऊन सांगितलं, माणूस चांगला आहे.
तो म्हणाला, बूट पाहिलेस त्याचे?
मी पाहिले नव्हते.

भांडण साधं होतं.
शेजारच्या डेल स्प्रोलनं बोटीसाठी शेड बांधली,
ती चार फूट आमच्यात आली,
लूसियन हिवाळ्याची लाकडं रचायचा तिथे.
नकाशा होता. हद्दीच्या खुंट्या होत्या,
गोठलेली माती फोडून त्यानं त्या उघड्या केल्या,
तुम्हाला फोटो हवे होते म्हणून.
ते फोटो तुम्ही दोनदा हरवलेत.

मग चौदा महिने मी कर्स्टनशी बोलले.
कर्स्टन गोड आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत.
साहेब नुकतेच बाहेर पडले.
एकदाच तुम्ही भेटलात, फाइल उघडून विचारलंत,
मुलांचा ताबा पूर्ण हवाय की अर्धा?
आम्हाला मूल नाही, मिस्टर व्हिटकॉम.
तुम्ही हसलात, फाइल बदललीत.
ते हसणंही बिलात आलं, चर्चा या नावाखाली.

तुमचा तास दोनशे ऐंशी डॉलरचा,
त्याचे दहा तुकडे, सहा-सहा मिनिटांचे.
त्याहून लहान तुमच्याकडे काही नसतं.
फोन उचलून ‘हॅलो’ म्हटलं की एक तुकडा,
‘नंतर करतो’ म्हटलं की तोच तुकडा.

फेब्रुवारीत लूसियन गेला.
सहा मिनिटंही लागली नाहीत.
मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या, साध्या कागदावर,
की आता कागदपत्रांवर एकच सही येईल.
पुढच्या बिलात, अकराव्या ओळीत:
‘पक्षकाराच्या पतीच्या निधनाचे पत्र वाचले. ०.१ तास.
अठ्ठावीस डॉलर.’

मी ते पैसे भरले.
का भरले ते मलाही सांगता येत नाही.
कदाचित कुणीतरी त्याचं जाणं
नीट वेळ लावून नोंदलं, म्हणून.

मे महिन्यात तडजोड झाली.
शेड जिथे आहे तिथेच राहणार,
मला एकोणीसशे डॉलर मिळणार,
तुम्हाला त्याच्या सातपट आधीच मिळालेले.
ही उत्तम तडजोड आहे, तुम्ही म्हणालात,
आणि या वेळी मी खाली पाहिलं.
लूसियनचं बरोबर होतं.

आता सवयच लागलीय.
अंडं उकडायला एक तुकडा.
फादर जेर्वेची प्रार्थना, दोन.
दफनभूमीपर्यंतचा रस्ता, चालत, पाच,
बर्फ असेल तर आठ.

परवा डेल दारात आला, टोपी हातात घेऊन.
वर्षभरात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो,
बोलू नका, असं दोघांच्याही वकिलांनी सांगितलेलं.
म्हणाला, मी बोट विकली. वकिलाला द्यायला.
शेड रिकामीच आहे.
मग घसा खाकरून म्हणाला,
लाकडं आत रचली तर भिजणार नाहीत, ओडेट.

मी त्याला आत बोलावलं नाही.
दारही लावलं नाही.
तो गेला, आणि संध्याकाळी तिकडून
ओंडके पडल्याचे आवाज येऊ लागले,
एकेक, मध्ये थांबून,
माणूस वाकायला जेवढं थांबतो तेवढं.
मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले.
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ होती माझी.