सहा नंबर

आधी भावाचे बूट होते, आठ नंबर.
पुढं चिंध्या कोंबल्या, टाचेशी फडकं,
आणि कालव्याच्या पाळीवरून धावले हिवाळाभर.
अंगठ्यांची नखं काळी पडली, मग गळाली.
नवी आली ती जरा वाकडीच.

दुसरे बाजारातले, पांढरे, बाजूला लाल पट्टी.
घालून गल्लीतून गेले की पोरं म्हणायची, झाली वो पोलीस!
तळवा मात्र पाटीसारखा टणक.
दीड महिन्यात नडगी बोलायला लागली,
आधी धावताना, मग चालताना,
मग नुसतं चुलीपुढं उकिडवं बसलं तरी.

आठशे मीटर. भरतीचं गणित एवढंच.
उजाडल्याशिवाय निघायचं नाही, वाघ आहे.
ऊन चढल्यावर धावायचं नाही, ऊन आहे.
मधे उरतो तासभर,
त्यातला अर्धा मी मैलाच्या दगडावर पाय चोळत काढायची.
मायनं मिठाची पोटली शेकली.
दवाखान्यातली ताई म्हणाली, आराम कर.
केला. आठ दिवस.
नवव्या दिवशी दुखणं तिथंच उभं होतं,
कालव्याच्या दुसऱ्या पुलाशी.

सिंदेवाहीत धानगिरणीसमोर इस्तारी वाळकेचं टिनाचं दुकान.
सकाळी गेले तर त्यानं परत धाडलं.
"संध्याकाळी ये, दिवसभर चालून.
सकाळचा पाय खोटं बोलते."

संध्याकाळी त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही,
आधी जुने बूट पाहिले. उलटे करून
टाचेवरून नख फिरवलं:
बाहेरची कड कोरी, आतली झिजून गुळगुळीत.
मग घमेल्यात पाणी, खाली सिमेंटच्या पोत्याचा कागद.
"ठेव पाय. आता उचल."

सगळाच्या सगळा पाय उमटला.
मधली कमान नाहीच,
रोवणीआधीच्या बांधीसारखा, काठोकाठ.

"आत पडते तुझा पाय. खोट नाई वो, घडण हाय.
पण नडगी त्याचे पैसे मांगून राह्यली."

पहिला जोड करंगळीला चावला.
दुसऱ्यात टाच वर-खाली.
तिसरा माणसांचा, सहा नंबर,
राखेच्या रंगाचा, खोक्यावर बोटभर धूळ,
तीन वर्षं कुणी न घेतलेला.
आतली कड त्यानं दाबून दाखवली, घट्ट.
पुढं आपला अंगठा आडवा ठेवला:
"येवढी जागा सोडाव लागते. पाय धावताना लांबते."
आणि म्हणाला, पळून ये गिरणीच्या फाटकापर्यंत.
पळाले. कोंड्याच्या धुळीतून, ओढणी खोचून,
हमाल बघत असताना.

अकराशे पन्नास.
तेंदूच्या किती पहाटा झाल्या त्या, मी मोजल्या नाहीत.
लाल पट्टी नव्हती, याचंच वाईट वाटत होतं
परतीच्या काळीपिवळीत.

दोन आठवडे नुसतं चाल, म्हणाला होता इस्तारी.
मी चार दिवस ऐकलं.
नडगी लगेच गप्प झाली नाही,
कुरकुरत कुरकुरत मागं राहत गेली,
आणि एका सकाळी दुसरा पूल गेला
तो मला गिरणीचा भोंगा झाल्यावर कळला.

तो कागद मी घरी आणला होता.
माय विहिरीवरून आली, ओल्या पायांनी,
आणि तिच्या पावलांची रांग सारवलेल्या ओट्यावर पडली.
मी कागद शेजारी धरला.
तोच पाय.
काठोकाठ.
"तुह्यी नडगी दुखते का वो माय?"
"दुखाचं काय," म्हणाली, "पाय हाय तर दुखनच,"
आणि घागर घेऊन आत गेली.

मी बुटांच्या नाड्या फुलासारख्या बांधते,
शाळेत शिकवल्या तशा, दोन फासे.
आज उजाडताना ओट्यावरून जोड उचलला
तर डाव्या बुटाला गाठ वेगळीच,
एक आढा, एक पीळ, टोक आत खोचलेलं,
तेंदूच्या पुडक्याला घालतात ती.
सोडवायला वेळ लागला.
आत चिमूटभर माती होती.
झटकली नाही, तशीच धावले.