नव्वद पिक्सेल

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
दिवसभर मी माणसं बारीक करतो.
पोलीस भरती, तलाठी भरती, स्कॉलरशिप,
चेहरा पन्नास केबीच्या आत, सही वीसच्या.
पोरं विचारतात, अजून कमी होईल का?
होतो. माणूस कितीही कमी होतो.

गुट्टे सर उलटंच काम घेऊन आले.
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सोजरबाई एकतीस तारखेला थांबणार,
गेटवर फ्लेक्स लावायचा, दहा बाय आठ.
'फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय बघ.'
बघितला.
झेंडावंदनाचा ग्रुप, पुढं सरपंच, शाल, नारळ,
आणि पार मागं, खोलीच्या दारात, एक अर्धी बाई.
कुणी कुणाला कितीदा पाठवला असेल,
दर हाताला थोडा थोडा झिजलेला,
जुन्या चाराण्यावरच्या सिंहासारखा.
मोजलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नव्वद पिक्सेल.
सव्वीस वर्षांचं मानधन, आणि नव्वद पिक्सेल.

सर, नव्वदचे नऊ हजार होत नाहीत.
'ते नवीन ॲप हाय की, भाच्यानं दाखवलं.'
आहे. लावून बघितलं.
ॲपनं सोजरबाईंना कुणाचे तरी दात दिले,
गाल गुळगुळीत केले,
गोंदण पुसून तिथं टिकली ठेवली.
देखणी बाई होती.
तिनं कधी खिचडी शिजवलेली नव्हती.

'बाई कुठं आहेत आत्ता?'
'कुठं म्हणजे? शिजवलाल्यात.'
आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.
मग मी चार्जरवरची बॅटरी काढली.

गॅस संपलेला, चूल पेटलेली.
'माझा कशाला? लेकरांचा काढा की वो.'
रॉमध्ये काढला. दारातून येईल तेवढाच उजेड.
करडईच्या फुलाच्या रंगाचं लुगडं,
भुवईत राखेचा कण,
उजव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा जुना डाग.

रात्री बसलो.
गफूरमामू शिकवायचे, निगेटिव्हला बोट लावायचं नाही,
कडेनं धरायचं.
आता कड कुठली, पण सवय तीच.
मूळ फाईल बाजूला, काम कॉपीवर,
दर बदल वेगळ्या लेयरवर, हात चुकला तर मागं येता यावं.
सावली थोडीच उचलली. जास्त उचलली की तिच्यात मुंग्या येतात.
डाग तसाच.
राखेच्या कणावर ब्रश नेला, परत आणला.
करडई छपाईच्या चार शायांत मावेना,
तिला समजावत समजावत खाली उतरवलं.
आधी मोठा करायचा, धार शेवटी.
धार लावून मग ताणलं की कडांना दातरं पडतात.
मध्येच लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला,
आधी सेव्ह केलं, मग घाम पुसला.
टिफ निघाली एकशे ऐंशी एमबीची.

फ्लेक्सवाला मारोती फोनवर म्हणे, व्हॉट्सॲप कर की.
नाही.
'मग डॉक्युमेंट म्हणून टाक.'
नेट रडलालंय इथं, मीच येतो.
पेनड्राइव्ह वरच्या खिशात, खिशाला बटण,
बारा किलोमीटर खड्डे चुकवत गेलो,
जणू डिक्कीत अंडी आहेत.

एकतीसला सोजरबाई गेटजवळ गेल्या,
नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं.
'ह्ये तर नुसतं ठिपकं हायत.'
मागं सरा, म्हणालो.
हातात पळी, तशाच सरल्या. अजून सरल्या.
हातपंपाला पाठ टेकली तेव्हा थांबल्या,
मनगट वर धरलं,
तिकडचा डाग इकडच्याशी ताडून पाहिला.
'हां,' म्हणाल्या, 'इथून मी हाय.'

सर कानाशी आले.
'मन्मथ, ह्योच फोटो पन्नास केबीत करून दे,
बाईंचा निराधारचा फॉर्म भरायचाय.'
दिला करून.
वेगळ्या नावानं सेव्ह केला.