कोंडवाडा

ग्रामपंचायतीच्या मागच्या कोंडवाड्यात
आता टाइल आहेत, रॅम्प आहे,
गव्हाणीच्या जागी हात धुवायचं बेसिन.
फाटक तेच. कडी घालताना तसंच कण्हतं.

पहिल्या दिवशी मामाजी गाडीतून उतरेनात.
"कोनाच्या वावरात शिरलो वं मी?
काहाले कोंडतं मले?"
मला उत्तर आलं नाही.
सुरेंद्रनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.
शाळेची पोरं सोडून आलेली त्याची गाडी,
सीटवर अजून बिस्किटाचा चुरा.
"चाला डोमाजी, चहा तं घ्या."

नळावर बायका बोलल्या.
बोलणारच. मीही बोलले असते
लकवा दुसऱ्याच्या घरी होता तेव्हा.

त्या दुपारी मी झोपले,
भांडी तशीच ठेवून, जमिनीवर, पदर डोक्याखाली.
जाग आली ती खोकला ऐकू आला नाही म्हणून.
बाजेपाशी धावले. बाज रिकामी.
मग आठवलं.
मग आणखी थोडी झोपले.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दहाव्या दिवशी प्रणोती सिस्टरनं वही दाखवली.
सकाळचे आकडे निळ्या पेननं, चार वाजताचे लाल.
"या वेळेला साखर पडते यांची, ताई.
घाम येतो? चिडतात?"

चिडतात का.
चारच्या सुमाराला ताट भिंतीवर जायचं.
माझ्या माहेराचा उद्धार व्हायचा, सात पिढ्यांसकट.
मी म्हणायची, लकव्यानं डोकं गेलं.
कधी म्हणायची, मुळातलाच स्वभाव, आता बाहेर पडला.
एकदा मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली
आणि सांभार निवडत बसले,
एकेक काडी, सावकाश.

ती साखर होती.
गुरुवारच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली,
साडेतीनला मूठभर फुटाणे आणि अर्धा पेला दूध सांगितलं.
एवढंच.
तीन वर्षांत एवढंच कोणी पाहिलं नव्हतं.
मीही नाही.

व्यायामाचा पोरगा हिंगणघाटहून येतो.
त्यानं डाव्या मुठीत रबरी चेंडू दिला,
मामाजींनी उजव्या हातानं काढून अंगणात फेकला.
"मी का लेकरू हाय?"
तेव्हा पार्बताबाई कोहळेंनी,
ज्यांना स्वतःच्या नातवाचं नाव आठवत नाही,
पदरातून दोन बोंडं काढली. "हे दे त्याले."
बोटांना कापूस आठवला.
अख्ख्या दुपारभरात एक सरकी निघाली,
आणि पोरगा मोबाइल धरून उभा, घाम त्यालाच फुटलेला.

आता धुण्यात त्यांच्या खिशातून सरक्या निघतात.
दगडावर ठेवून मी मोजते.
काल चार, आज सात. परवा एकही नव्हती.
हात पूर्ण येणार नाही, हे सिस्टरनं
आधीच सांगून ठेवलं आहे.

मामाजी सांगतात, पूर्वी इथं दंड वाढला
की काही मालक फिरकायचेच नाहीत.
गाय रात्रभर हंबरायची, गाव कूस बदलायचं.
आता साडेचारला फाटक कण्हतं
आणि प्रत्येकाच्या नावानं कोणीतरी उभं असतं:
सून, नातू, शेजारचा पोरगा.
मी अंगणवाडीतून तशीच येते, हाताला खडू.
गाडीत ते मला दिवसभराचं सांगतात,
कोणाचा बीपी किती, कॅरममध्ये कोणी लबाडी केली.
तीन वर्षं आमच्यात बोलायला फक्त
"जेवले काय?" एवढंच होतं.

आज सकाळी नऊलाच टोपी घालून,
गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.
"मामाजी, आज आइतवार हाय."
"मालूम हाय मले."
उठले नाहीत.
मी चहा आणला, दोन कप,
आणि जरा वेळ
रस्त्याकडे बघत बसले.