एकोणीस पिंपं

सोहारमध्ये मी धुराची गाडी चालवतो.
सोमवारी बंगले, गुरुवारीही बंगलेच;
छावणीला टाकीत उरेल तेवढं.

मलेरिया इथे नाहीच म्हणा.
मागच्या उन्हाळ्यात एक सापडला, छावणीतला.
त्याच्यापायी हमदानसाहेबाने
वाडीपासून खाडीपर्यंतचं डबकं न् डबकं नकाशावर घेतलं.
एका तापाला एकोणीस पिंपं.

माणूस वाचला. चांगलंच झालं.

पण मी रिकामी पिंपं धूत बसलो
आणि एटापल्लीकडचे टोले मोजू लागलो,
पावसात रस्ता तुटतो ते.
पुसू मडावीची धाकटी आठवली.
तिची मच्छरदाणी
'पुढच्या टप्प्यात' होती.

रात्री फोनवर बायको विचारते,
तिकडे डास असतात का हो?
मी हाताचा वास घेतो.

असतात, म्हणतो.
पण मोजलेले.