मुंग्या

एकेचाळीस वर्षं, दिवसातून दोनदा माडावर चढलो,
पहाटे आणि ऊन कलताना.
पोयीला नखाएवढा पातळ काप द्यायचा,
भरलेली करवंटी काढून रिकामी लावायची,
आणि वर आहोत तोवर गात राहायचं.
आमच्या तारावात माडावरच्या माणसानं गप्प बसू नये.
खाली विहिरीवर कुणी अंघोळीला आली
तर तिला कळायला हवं
वर कुणीतरी आहे.

आता मी खाली असतो.

आधी पायांना मुंग्या आल्या. नुसत्या भासाच्या,
झटकल्या तरी जाईनात.
मग आपोआप गेल्या,
आणि मी खुळा, म्हटलं बरा झालो.
शिंपल्यानं टाच कापल्याचं
मला चटईवरच्या डागानं सांगितलं,
तोही धाकट्या नातीला आधी दिसला.
बिकेनिबेउच्या इस्पितळात दोन बोटं ठेवून आलो.
पावसाळ्याआधी परत जाऊन, अख्खं पाऊल.

नर्स केइना म्हणाली, चढणं बंद. वाळूतसुद्धा अनवाणी नको.
चप्पल घालून समुद्रात उतरणारा
या किनाऱ्यावर मी पहिला नाही.
आमची चौघांची रांग असते.

लुंगीची गाठ बसली का, हाताला समजत नाही.
अकोइयाला विचारतो. ती मान हलवते,
पण हो म्हणून की नाही म्हणून
ते या धुरकट डोळ्यांना दिसत नाही.
मग तोंडानं सांगते, "बसली."
दिवसातून किती वेळा सांगते बिचारी.

संध्याकाळी तेबानो माझं उरलेलं पाऊल मांडीवर घेतो,
तळवा उजेडाकडे वळवतो,
मासा ताजा आहे का बघावं तसा बघतो.
"काही नाही, आजोबा."
मग सुरी कमरेला खोचून चढतो.
सुरीच्या आवाजावरून मला कळतं, काप जाड जातोय.
बोलत नाही. चौदाचा आहे.
गात मात्र नाही. लाजतो.

काल वरून नीरा सांडली,
नेमकी माझ्या पायावर. मला वर्ज्य असलेली, गोड.
थोड्या वेळानं काहीतरी काळं हललं.
वाकून, डोळे बारीक करून पाहिलं:
मुंग्या. या वेळी खऱ्या.
अंगठ्यावरून घाईघाईनं रांग चाललेली.
चावतही असतील.
चालू दिल्या.

तेवढ्यात रोतिया बादली घेऊन विहिरीवर आली.
वर तेबानो गप्प.
मग मीच सुरू केलं गाणं, खालून,
त्याच्या वतीनं.

तिनं आधी वर पाहिलं.
मग माझ्याकडे.