नमुना तीन

हडपसरच्या शेडमध्ये एप्रिलात, दुपारी अडीचला,
गणेश पेठेतून टेम्पो येतो.
गोणपाटात गुंडाळलेली, भुशानं माखलेली बर्फाची लादी
चौघंजण उतरवतात, दुखणाईत माणसाला उतरवावं तशी.
तांबोळी म्हणतो, हात चालवा,
अर्ध्या तासात हिचं पाणी.

ऑर्डर परदेशची आहे. ड्रिलला लावायचं गिरमिट,
सहा इंची, तळाशी समोरासमोर दोन पाती.
तिकडे तळं गोठतं म्हणे,
इतकं, की लोक त्यावर गाडी उभी करतात,
भोक पाडतात, गळ सोडतात
आणि बादली उपडी घालून बसून राहतात.

तेरा वर्षं मी पाती घासते.
कागदाची गेली माझ्या हातून, चामड्याची, उसाची,
एकदा एका बेकरीची.
पाणी कापायचं पातं पहिल्यांदाच.

तीन नमुने टेबलावर, फडक्यावर.
पहिलं सरळ, स्टेनलेसचं. तुपेसाहेबांचं लाडकं,
फोटोत चमकतं.
दुसरं दातेरी, जुन्या भोकांसाठी,
जी रात्रीतून पुन्हा गोठतात
आणि ज्यांत वाळू असते, कुणाचं थोटूक असतं.
तिसरं किंचित वळलेलं, कार्बन स्टीलचं.
तेल विसरलात की आठवड्यात तांबडं.
त्याचा कोन मी काढलाय,
म्हणून मी गप्प.

पत्रात लिहिलंय: डिसेंबरचा बर्फ काळा असतो.
काळा!
आमच्या लादीच्या पोटात दुधाळ पांढरा कणा,
वरून वितळून गुळगुळीत.
चुकीच्या बर्फावर बरोबर पातं कसं ठरवायचं
हे ड्रॉइंगमध्ये नाही.

तांबोळी ड्रिल धरतो, साहेब घड्याळ.
सरळ पातं आधी घसरतं, गोल गोल ओरखडतं,
मग एकदम धरतं. अकरा सेकंद.
दातेरी गुरगुरतं, खडे उडवतं,
बॅटरीचा एक दिवा खातं. सतरा.
माझं, तेरा.
अकराच, साहेब म्हणतात, आणि पेनचं टोपण काढतात.

पण तांबोळी मनगट चोळतोय.

लादी घ्यायला सकाळी मीच गेले होते.
बाजारात चंपाबाई परदेशी सुरमई कापत होती,
तिला सहज विचारलं, सुरी कशी निवडता?
ती वर न बघता म्हणाली,
आत शिरताना सगळ्याच गुणाच्या असतात गं,
शेवटच्या काट्याला कळतं.

म्हणून म्हटलं, साहेब, पुन्हा.
लादी दोन घोड्यांवर आडवी ठेवा, खाली पिंप,
आरपार जाऊ द्या.

सरळ पातं शेवटच्या बोटभर बर्फात अडकलं
आणि ड्रिलनं तांबोळीलाच फिरवलं,
चप्पल एकीकडे, तो एकीकडे.
दातेरीनं खालचा पापुद्राच फोडून टाकला.
तिसरं
किसलेल्या खोबऱ्याएवढा बारीक चुरा वर काढत गेलं
आणि कधी पार झालं
ते पिंपातल्या पाण्याच्या आवाजावरून कळलं.

तिकडचा तो माणूस एकटा असेल.
हातमोजे, सुन्न बोटं,
पायाखाली एवढं पाणी, आणि त्याचं मनगट
कुठल्या बाईनं वाचवलं त्याला काय ठाऊक.
साहेब म्हणतात, गंजेल.
मी म्हणते, तेल लावा म्हणावं.
कागदावर तीन लिहून घेतात,
नाराजीनं, तिरकं.

पाणी गटाराच्या दिशेनं निघालंय.
लादी मधोमध खचत चाललीय.
हेल्पर आदेश, कालच एकोणीस पूर्ण,
पेंटची बादली उपडी घालून
तिसऱ्या भोकापाशी बसलाय,
सुतळीला वॉशर बांधून आत सोडलंय.
डबा खायला चल, मी हाक मारते.
तो बोट ओठांवर ठेवतो:
थांबा ना ताई,
लागतंय काहीतरी.