लागू नाही

फॉर्म आला तो इंग्रजीत, बावीस पानांचा.
मराठी करायला माझ्याकडे दिला,
कारण मी समुपदेशक, आणि खोली नंबर चौदातला पंखा चालतो.
गर्भाशयमुख, असं लिहिलं होतं मी आधी.
धारूरहून आलेल्या शिवकन्यानं तो शब्द तोंडात घोळवला,
म्हणाली, पिशवीचं तोंड म्हणा की, बाई.
मग तेच केलं. पान तीन, पान नऊ, पान सोळा.
नीतिसमितीनं लाल रेघ मारली. मी पुन्हा लिहिलं.
दुसऱ्यांदा त्यांनी सोडून दिलं.

अंबाजोगाईतून नमुने जातात कोरड्या बर्फात,
आधी पुण्याला, मग विमानानं बर्गनला.
कोरडा बर्फ म्हणजे काय, हे कुणाला समजवावं लागलं नाही;
कोरडं म्हटलं की आम्हाला अर्धं कळतंच.

गुरुवारची बैठक. आमचे साडेतीन, लुसाकाचे बारा,
बर्गनचे अकरा, आणि त्यांच्या खिडकीत पाऊस.
सिस्टर मुटिंटा म्हणाल्या,
गोळ्यांनी बायका जगू लागल्या,
म्हणून तर कॅन्सर होण्याइतकं आयुष्य आता त्यांच्याकडे आहे.
म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले.
बर्गनचे डॉक्टर लिहून घेत होते.

मग त्यांनी अकरावा रकाना उघडला.
तुमच्या केंद्रात इतक्या जणींपुढे 'लागू नाही' कसं?
वय एकोणतीस. वय तेहेतीस. वय सव्वीस.
भरताना चूक झाली का?

मी माईक सुरू केला.
चूक नाही, म्हटलं. पिशवीच नाही.
पुढं सांगायचं होतं ते इंग्रजीत येईना.
पिशवी काढण्याला शब्द आहे, लांबलचक, मला पाठ आहे.
खाड्याला नाही.
पाळी आली, फडात जाता आलं नाही, की खाडा;
खाडा पडला की मुकादमाच्या वहीत दंड;
आणि अंगावरून जातंय म्हणून दाखवायला गेलं
तर काचेच्या टेबलामागचा डॉक्टर म्हणतो,
काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.
म्हणजे कॅन्सर हा शब्द
आमच्या फॉर्मच्या आधीच कुणीतरी विकला होता त्यांना,
तीस-पस्तीस हजाराला.

कुणी काही बोललं नाही.
बर्गनमध्ये कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.
मुटिंटांनी विचारलं, ती वही कुणी पाहिलीय का?

पुढच्या महिन्यात फॉर्म सुधारून आला.
अकराव्या रकान्याखाली दोन प्रश्न:
कधी काढली? कुणी सांगितलं?
उत्तराला दोन ओळी.

शिवकन्या म्हणाली, एवढ्यात काय मावतंय.
नगरच्या कारखान्यापासून सुरू झाली ती,
टायरगाडी, धाकटा तापानं फणफणलेला,
नवऱ्याचा रिपोर्ट नंतर, तिचा त्याच्याही नंतर,
आणि दोन्ही रिपोर्ट मोठ्यानं वाचणारा तो पोरगा.
ओळी संपल्या.
तिनंच पान उलटं करून पुढ्यात सरकवलं.
लिहा.

मागची बाजू स्कॅन होत नाही.
अशी एकेचाळीस पानं माझ्या कपाटात आहेत,
नाव नाही, नुसते आकडे. किल्ली माझ्याच पर्समध्ये.
विश्लेषणात ती कुठं बसतात, मला माहीत नाही.
काल लुसाकाहून निरोप आला, एका ओळीचा:
माझ्याकडे साठ झाली. वजन वाढतंय.